रॅक, गोटी सोडा आणि सीओटू : एका हिवाळ्याच्या नोंदी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

काल विधानसभेचा निकाल लागला आणि आज सकाळपासून सांगलीच्या विश्रामबागेत फ्लेक्स उतरायला लागलेत. ते लावायचं-काढायचं काम करणारा एक दोस्त आहे, त्याच्याकडून दोन मोठे उचलून आणले, घरात रॅकवर लेट्यूस (सॅलडचा पाला) वाढवायचंय त्यासाठी. पाठीमागून पांढरेशुभ्र. पांढरी बाजू आत केली की बॅटनचा (लांब एलईडी दिव्यांचा) उजेड परत झाडांवर पडतो, आणि फुकटात याहून बरं काही मिळणार नाही. परिणामी आमच्या रॅकच्या बाहेरून एक अख्खं पॅनेल हात जोडून उभं आहे. आई येता-जाता त्यांना "बसा" म्हणते.

रॅक आमच्या दुकानातलीच, स्लॉटेड अँगलची, जुन्या बॅटऱ्या ठेवायची. मध्ये प्लाय घालून शेजारी-शेजारी दोन कप्पे केले. प्रत्येक कप्पा ९० बाय ६० बाय १०० सेंमी, म्हणजे ५४० लिटर हवा. प्रत्येकात २० वॅटचे चार एलईडी बॅटन. जागा मिळाली ती आई-आप्पांच्या खोलीत, कारण दुसरीकडे कुठं नव्हतीच.

लेट्यूसचं बी ९ तारखेला ट्रेमध्ये टाकलंय. प्रत्येक कप्प्यात सहा रोपं. 'अ' कप्प्याला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्यायचा, 'ब' कप्प्याला काही नाही. शेवटी कापून वजन करायचं. एवढाच प्रयोग.

साध्या हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास असतो. मोठ्या ग्रीनहाउसात तो ८०० ते १२०० पर्यंत नेतात आणि लेट्यूस, टोमॅटो, काकडी अशी पिकं त्यानं जोमात येतात. तिकडं त्यासाठी सिलिंडर असतात, बॉयलरचा धूर शुद्ध करून सोडतात. आपल्याला ते शे-दोनशे रुपयांत बसवायचंय.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

गॅस भरायच्या आधी भांडं गळकं आहे का ते बघायला हवं. कोपऱ्यावरून गोटी सोड्याची एक बाटली आणली. 'अ' कप्प्यात ताटली, सीओटू मोजणारा सेन्सर आणि हवा फिरवायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा ठेवला, सोडा ताटलीत ओतला, पडदा लावून घेतला.

आकडा ४३० वरून चढत ११८० वर गेला. नुसत्या गोटी सोड्यानं! हिशेब केला तर बरोबरच आहे. ५४० लिटरच्या कप्प्यात ४२० चे १००० करायला फक्त ०.३ लिटर गॅस लागतो. गोटी सोड्यात तेवढा सहज असतो.

पण सात मिनिटांत वाढलेला भाग निम्म्यावर आला. ०.६९ ला त्या मिनिटांनी भागायचं आणि ६० नं गुणायचं, की तासाला हवा किती वेळा बदलते ते निघतं. आमची जवळजवळ सहा वेळा. म्हणजे कप्पा नव्हे, चाळण.

रात्री दोन तास पॅकिंग टेप, दाराला लावायची फोमची पट्टी आणि पडद्याच्या खालच्या कडेला जुन्या साडीत वाळू भरून केलेला सापासारखा लोड. दुसरी बाटली ओतली. आता निम्मं व्हायला ४० मिनिटं. तासाला एकदा. चालेल.

सोडेवाला म्हणाला, "पाहुणं आल्यात व्हय?"

रविवार, १ डिसेंबर

रोपं कुंड्यांत लावली. कोकोपीट आणि गांडूळखत.

गॅससाठी बाटलीत पाणी, साखर आणि यीस्ट घालायचं, झाकणातून नळी कप्प्यात सोडायची. बाटलीचं गणित असं. साखर आंबली की तिच्या निम्म्या वजनाचा सीओटू होतो (३४२ ग्रॅम साखरेतून जास्तीत जास्त १७६ ग्रॅम) आणि उरलेल्या निम्म्याचं अल्कोहोल. २०० ग्रॅम साखरेतून शंभरेक ग्रॅम गॅस, म्हणजे ५८ लिटरच्या आसपास. आठ दिवस पुरला तर तासाला ०.३ लिटर. तासाला एकदा हवा बदलणाऱ्या आपल्या कप्प्यात तेवढ्यानं आकडा साडेनऊशेवर राहायला पाहिजे. कागदावर तरी एकदम फिट बसतंय.

साखरेऐवजी गूळ घेतला. सांगलीत राहून साखर का विकत घ्यायची, शिवाय काळा, मऊ पडलेला गूळ दुकानदारानं २५ रुपयांना अर्धा किलोच्या वर दिला.

बुधवार, ४ डिसेंबर

गुळानं दगा दिला, खरं तर जास्तच साथ दिली. यीस्टला त्यातली खनिजं मानवली असावीत. सकाळी बघतो तर फेस बाटलीच्या गळ्यातून नळीत, नळीतून थेट दोन रोपांच्या डोक्यावर. नळीचं तोंड चिकटून बंद झालं होतं आणि बाटली दगडासारखी टणक. झाकण जरा सैल केलं तर ते हातातून उडून छताला लागलं. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली होती म्हणून निभावलं. काचेची कधीच घ्यायची नाही. आणि बाटली पाऊण नव्हे, अर्धीच भरायची, मध्ये फेस अडवायला दुसरी रिकामी बाटली जोडायची.

त्यानंतर मुंग्या आल्या. त्यानंतर शेजारच्या काकू आल्या.

"वास कसला ओ? भट्टी लावलीसा का काय?"

हसण्यावारी नेलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं. हातभट्टीवर धाड पडली की पेपरात 'गूळमिश्रित रसायन नष्ट केले' असं येतं, ते रसायन म्हणजे दुसरं काय? पाणी, गूळ आणि आंबवण. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. आपण ते गाळत नाही, पण बॅरल भरून आंबवणाऱ्याला 'हे लेट्यूससाठी आहे' असं सांगून सुटता येणार नाही. दीड-दोन लिटरच्या पुढं जायचं नाही हे ठरवून टाकलं. गूळ बंद. साखर, दोन बाटल्या, प्रत्येकी १५० ग्रॅम, दर चार दिवसांनी एक बदलायची. उरलेलं पाणी मोरीत.

रविवार, ८ डिसेंबर

आप्पांनी आज पहिल्यांदा रॅकजवळ खुर्ची ओढली. ते हरिपूरच्या पेवांवर हळदीच्या पोत्यांचा हिशेब लिहायचे. सेन्सरचा आकडा ११०० दाखवत होता. मी सांगितलं की हा हवेतला सीओटू.

"पेवात असायचा त्यो?"

तोच. जमिनीत खोल खणलेलं पेव, वर जेमतेम माणूस उतरेल एवढं तोंड, आत हळद भरून तोंड बंद. आतली हवा वापरून संपते, सीओटू साठतो, कीड गुदमरून मरते, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. औषध नाही, पावडर नाही. पण तोंड उघडल्या-उघडल्या कुणी आत उतरायचं नाही. आप्पा म्हणाले, आधी उघडं टाकायचं, मग कंदील सोडायचा दोरीनं. कंदील जळत राहिला तरच माणूस. सीओटू हवेपेक्षा दीडपट जड, खड्ड्यातून आपण होऊन वर येत नाही. घाई करणाऱ्यांचं काय झालं तेही त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, तिथून तो धंदा बसला.

त्यांच्या खोलीत हा उद्योग चाललाय म्हणून रात्री हिशेब मांडला. खोली १० बाय १२ फूट, उंची १०, म्हणजे ३४ हजार लिटर. १५० ग्रॅमच्या एका बाटलीतला सगळा ४३ लिटर गॅस एका क्षणात सुटला तरी खोलीत १३०० पीपीएमची भर. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीला ५००० ची मर्यादा धरतात. बाटलीचा धोका नाही. सिलिंडर आणला असता तर मात्र या खोलीत ठेवला नसता.

मित्रांनी सुचवलेली शेगडी, मेणबत्ती आणि गॅसची छोटी शेगडी ही तिन्ही बाद. बंद जागेत जळण अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साइड, तो माणसाला. इथिलीन निघतं, ते झाडाला. आणि उष्णता दोघांना.

शनिवार, १४ डिसेंबर

चार दिवस 'अ' कप्प्याचा आकडा हळूहळू उतरत होता. बाटल्या तर बुडबुडे काढतायत. टेप पुन्हा लावली, यीस्ट बदललं, साखर वाढवली. शेवटी वैतागून सेन्सर गच्चीवर नेला.

२५५.

कारखाने, गाड्या यायच्या आधी जगाच्या हवेत २८० होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ मध्ये मोजायला लागले तेव्हाच ३१५ च्या आसपास होता. आणि विश्रामबागेत, उसाच्या पाचटाचा धूर दिसतोय अशा संध्याकाळी, २५५?

मग माहितीपत्रक नीट वाचलं, जे पहिल्या दिवशी वाचायला हवं होतं. हा इन्फ्रारेड सेन्सर दर चोवीस तासांत दिसलेला सगळ्यात कमी आकडा 'बाहेरची ताजी हवा' समजून ४०० ला बांधतो. ऑफिसात ठीक आहे, रात्री सगळे घरी जातात आणि हवा खरंच ताजी होते. आमच्या कप्प्यात तो आठवडाभर साडेपाचशेच्या खाली कधी गेलाच नाही. मग त्यानं साडेपाचशेलाच ४०० मानलं. ती सोय एक कमांड देऊन बंद करता येते. बंद केली, गच्चीवर वीस मिनिटं ठेवून पुन्हा शून्य लावलं. गेल्या आठवड्याचे आकडे वहीत आडवी रेघ मारून रद्द.

(स्वस्तात 'हवेची गुणवत्ता' म्हणून मिळणारे सेन्सर यासाठी घेऊ नयेत. ते अल्कोहोलच्या वाफेलाही भुलतात, आणि आपल्या बाटलीत निम्म्या साखरेचं तेच होतं.)

बुधवार, १८ डिसेंबर

सेन्सर एकच, म्हणून 'ब' कप्पा आजवर मोजलाच नव्हता. काही द्यायचंच नाही तर मोजायचं काय, असं वाटलं होतं. आज सहज दुपारी ठेवला. ३०५.

पुन्हा बिघडला म्हणून शिवी हासडली आणि गच्चीवर नेला. ४२८. खाली आणला, खोलीत ५१०. कप्प्यात ठेवून अर्धा तास थांबलो. ३०८.

सेन्सर बरोबर आहे. 'ब' मधली झाडं उपाशी आहेत.

दोन्ही कप्प्यांना सारखंच वागवायचं म्हणून दोन्हीकडं टेप मारली होती. 'ब' मध्ये हवा तासाला एकदा बदलते, आणि पानं आता तळहाताएवढी झालीत. ती जेवढा सीओटू खातात तेवढा फटींतून आत येत नाही. म्हणजे मी गेले अठरा दिवस 'वाढीव सीओटू विरुद्ध साधी हवा' मोजत नव्हतो, 'वाढीव विरुद्ध उपासमार' मोजत होतो. आणि ३०० ते ४०० चा हाच पट्टा असा आहे की तिथं थोडं वाढवलं तरी झाडाला जास्त फरक पडतो. वर हजाराकडं गेलं की तेवढ्याच वाढीचा फायदा कमी-कमी होत जातो.

आता वाटतं, घरात बंद तंबूत झाडं लावून 'सीओटू दिला आणि काय फरक पडला' म्हणणाऱ्यांतल्या किती जणांना खरं तर नुसती खिडकी हवी होती.

'ब' ला खाली चार इंचाचं भोक पाडलं, वर कॉम्प्युटरचा पंखा बसवला, बाहेर फेकणारा. दहा मिनिटांत खोलीचा आणि कप्प्याचा आकडा एक झाला. खर्च शून्य, पंखा भंगारातला. आतला उबाराही गेला, ते वेगळंच.

रविवार, २२ डिसेंबर

'अ' मधली झाडं दिसायला दांडगी, पण मधल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी. पान उलटून बघितलं तर कडेला दोन मिलिमीटरची करपलेली झालर, जणू तव्याला चिकटलेल्या धिरड्याची कड. कॅल्शियम पाण्याबरोबर पानात चढतं आणि पाणी चढायला पानातून वाफ जावी लागते. बंद कप्प्यात दमटपणा ८८ टक्के, फ्लेक्सवरून पाणी ओघळतंय. वाढ झपाट्यानं, कॅल्शियम मागं. 'ब' मध्ये एकही पान असं नाही.

आतला पंखा जोरात केला, बाकी काही करता येत नाही. भोक पाडलं तर गॅस जाणार. इथं येऊन गाडं अडतं.

एकानं विचारलं, उसाला दिला तर टनेज वाढेल का. बंद शेड कुठून आणणार हा प्रश्न बाजूला, पण ऊस हे चुकीचंच गिऱ्हाईक. ऊस आणि मका पानातच सीओटू दाबून गोळा करतात, त्यांना बाहेरून वाढवून फारसा उपयोग नाही. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हे शोधलं, तेही उसावरच. हळद, द्राक्ष, लेट्यूस ही दुसऱ्या जातीची.

रविवार, २९ डिसेंबर

बाटल्या रात्रीही गॅस काढतात, तेव्हा बॅटन बंद, सगळा वाया. म्हणून खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. ८४ ग्रॅम सोडा आणि साधारण ६५ ग्रॅम सायट्रिक मिळून ४४ ग्रॅम गॅस. आपल्याला तासाला अर्धा ग्रॅम पुरतो, म्हणजे तासाला एक ग्रॅम सोडा. चिमूटभर. पण चिमूटभर दर तासाला टाकणार कोण?

मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, २५ रुपये. वर बाटलीत सायट्रिकचं पाणी, खाली बाटलीत सोडा, झाकणाला दोन भोकं, एकातून थेंब आत, दुसऱ्यातून गॅस कप्प्याकडं. चकती फिरवून मिनिटाला सात थेंब. आकडा सकाळपासून ९०० ते ९८० मध्ये, जणू पट्टीनं रेघ मारलीय. वास नाही, फेस नाही, चिलटं नाहीत, रात्री चकती बंद. यीस्टच्या बाटल्या आज धुऊन माळ्यावर टाकल्या. व्हिनेगर मात्र वापरू नये, एक तर ते पाच टक्केच असतं, दुसरं म्हणजे त्याची वाफ पानांना सोसत नाही.

आईनं रॅकला लटकलेलं सलाईन बघितलं आणि म्हणाली, "कोण ॲडमिट झालंय?"

धिंगरी अळंबीच्या पिशव्या ठेवायचं डोक्यात होतं, गव्हाच्या काडावर वाढताना त्या सीओटू सोडतात. पण बीजाणू खोलीभर उडतात आणि आप्पांना खोकला आहे. सोडून दिलं.

रविवार, ५ जानेवारी २०२५

कापणी. मुळं छाटून, करपलेली पानं तशीच ठेवून, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.

'अ' : सहा गड्डे, ६४२ ग्रॅम.
'ब' : सहा गड्डे, ५७१ ग्रॅम.

फरक ७१ ग्रॅम. त्यातही 'ब' अठरा दिवस उपाशी होता, आणि 'अ' मधली करपलेली पानं काढली तर फरक आणखी कमी. सहा-सहा झाडांवर याहून जास्त बोलू नये.

गॅसचा खर्च: साखर ४४, गूळ २५, यीस्ट ३५, सोडा-सायट्रिक ३०, सलाईन २५. एकूण १५९ रुपये, ७१ ग्रॅम पाल्यासाठी. लेकीनं बर्गरमध्ये दोन पानं घातली, बाकीची बाजूला काढली.

मंगळवार, ७ जानेवारी

रात्री सेन्सर चुकून खोलीत टेबलावर चालू राहिला. सकाळी आलेख बघितला. दहा वाजता ६४०, बारा वाजता ९५०, पहाटे पाचला १३१०. सातला आईनं दार उघडलं आणि सर्रकन खाली.

आई आणि आप्पा. थंडी आणि डास, म्हणून खिडकी बंद. झोपलेलं माणूस तासाला नऊ-दहा लिटर सीओटू सोडतं, दोघांचा अठरा धरला तर माझी बाटली कशीबशी ०.३. साठ बाटल्यांचं काम दोघं घोरत-घोरत करतायत, आणि 'अ' कप्पा त्यांच्या उशाशी सहा आठवडे टेप मारून बंद ठेवला होता!

फक्त वेळ उलटी होती. बॅटन सकाळी सहा ते रात्री दहा चालायचे आणि गॅस रात्री दहा ते सकाळी सहा असायचा. टायमर फिरवला. संध्याकाळी सहाला चालू, सकाळी दहाला बंद. झाडाला सूर्य कुठला आणि बॅटन कुठला, काय कळतंय. 'अ' ची सगळी टेप काढली, तिथंही भोक आणि पंखा. दोन्ही कप्प्यांत आता खोलीचीच हवा. ८ डिसेंबरला टाकलेली रोपं तयार होती, ती लावली.

खिडकी यासाठी म्हणून बंद ठेवायची नाही, हे मात्र आईला बजावलं. १३०० नं काही होत नाही, पण खोली कोंदट वाटते आणि ती माणसांची आहे.

आप्पांनी पडद्याच्या फटीतून येणारा उजेड बघितला. "दिवाळी अजून उतरली न्हाई व्हय आपल्यात?"

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. रात्रीची सरासरी ११००. दमटपणा ६० च्या आत.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुसरी कापणी. 'अ' ६५५, 'ब' ६३८. एकही करपलेली कड नाही. महिना वेगळा, तापमान वेगळं, त्यामुळे डिसेंबरशी थेट तुलना नको. पण गॅसचा खर्च शून्य, आणि रात्री बॅटन चालल्यानं दिवसाच्या उन्हात भर पडली नाही, याचा वाटा सीओटूपेक्षा जास्त असेल तर मला नवल वाटणार नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

दुपारी खोलीत ३३ अंश. आई-आप्पा आता खिडकी उघडी टाकून, पंखा लावून झोपतात. पहाटेचा आकडा ४७०. बॅटन चालू असले की कप्प्यात ३६, लेट्यूस उंच सुटून कडू व्हायला लागलंय. उरलेली झाडं उपटली, गांडूळखताच्या टाकीत. फ्लेक्स गुंडाळून माळ्यावर, पंखे धुतले, रॅक उद्या दुकानात जाईल. थंडी पडेपर्यंत काम बंद.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, पहाटे त्या उजेडात चष्मा दिसायचा, आता तो कसा शोधायचा. एक बॅटन भिंतीला लावून दिला, टायमरसकट. पाचला लागतो.